परक्या शेकोटीचा पाहुणा

परमुलखांत गेलेल्या मनुष्याची पहिली कसोटी भाषेंत लागते, असा सर्वसाधारण समज आहे. परंतु भाषेची अडचण हातवाऱ्यांनीं अर्धीअधिक निभावतां येते. खरी कसोटी लागते ती दुसऱ्याच्या घरीं पान मांडलें जातें तेव्हां. समोर आलेला पदार्थ कसा उचलावा, आधीं काय खावें, टाकावें काय, पुरे केव्हां म्हणावें, आणि यजमानाच्या श्रमांची पोंच कशी द्यावी, हें कोणत्याहि शाळेंत शिकवीत नाहींत. अन्न आंत शिजून झांकून बाहेर आलें तर ही परीक्षा त्या मानानें सोपी असते. पण जें अन्न पाहुण्याच्या डोळ्यांदेखत विस्तवावर सिद्ध होतें, तेथें त्याला नुसतें खावयाचें नसतें. वाट पाहावयाची असते. आणि मनुष्याचा स्वभाव खाण्यापेक्षां वाट पाहण्यांतच अधिक उघडा पडतो.

रायगड जिल्ह्याच्या किनारपट्टींत या परीक्षेचें एक ठरलेलें स्थळ आहे. त्याचें नांव पोपटी. हा जिल्हा १९८१ सालापर्यंत कुलाबा या नांवानें ओळखला जाई. नांव बदललें, पण पोपटीचा हंगाम बदलला नाहीं. अलिबाग, पेण, रोहा या बाजूस भात कापून खळ्यावर गेलें, म्हणजे शेतें रिकामीं राहत नाहींत. पावसाळ्यानें जमिनींत मागें ठेवलेली ओल अद्याप शिल्लक असते, आणि त्या ओलीवर वाल पेरतात. त्यास पाटाच्या पाण्याची मिजास लागत नाहीं; जमिनीचा ओलावा आणि रात्रीचें दंव यांवरच तो पोसला जातो. मार्गशीर्ष-पौषाच्या सुमारास शेंगा दाण्यांनीं भरतात, आणि नेमका त्याच दिवसांत बांधावर भांबुर्डा नांवाचा उग्र वासाचा रानपाला माजलेला असतो. शेंग, पाला आणि थंडी या तिघांची गांठ वर्षांतून दोन-अडीच महिनेच पडते. तेवढाच पोपटीचा काळ.

कृति सांगावयास सोपी आहे. मातीच्या मडक्याच्या तळाशीं भांबुर्ड्याचा पाला दाबून बसवितात. त्यावर धुतलेल्या वालाच्या शेंगांचा थर, जाडें मीठ आणि ओंवा. मधून मधून बटाटे, रताळीं, कांदे, अंडीं. मीठ-मसाला लावून मुरविलेली कोंबडी केळीच्या पानांत गुंडाळून मध्यभागीं ठेवतात. वर पुन्हां शेंगा. आणि शेवटीं मडक्याचें तोंड पाल्यानें ठासून बंद करतात. पाण्याचा एक थेंबहि घालीत नाहींत. मग तें मडकें उघड्या जागेंत पालथें घालून त्याच्या भोंवतीं पेंढा, गोवऱ्या आणि सुकीं लाकडें रचून पेटवितात. शेंगांतील व पाल्यांतील ओलाव्याची वाफ होते. तोंड खालीं आणि पाल्यानें बंद असल्यामुळें ती सहजासहजीं निसटत नाहीं, आणि त्या वाफेवर आंतील सारें शिजतें. पाल्याच्या थरामुळें शेंगा तापलेल्या मातीस लागून करपत नाहींत. उलट त्या पाल्याचा उग्र सुगंध त्यांत उतरतो. अर्धा-पाऊण तास जाळ चालला, कीं जाणता मनुष्य पुढें होऊन मडक्यावर पाण्याचा शिपका मारतो. थेंब पडतांच चुर्र होऊन उडून गेले तर पोपटी झाली. नाहीं तर आणखी जाळ. घड्याळाकडे कोणी पाहत नाहीं.

ही युक्ति एकट्या रायगडची आहे असें नव्हे. किनाऱ्याकिनाऱ्यानें उत्तरेस गेलें असतां वलसाडच्या बाजूस थंडींत पापडीच्या शेंगा व कंद पाल्यासह मडक्यांत भरून, मडकें पालथें घालून भाजतात, त्यास उबाडियुं म्हणतात. सुरतेच्या उंधियूचें नांव तर ‘उंधुं’ म्हणजे पालथें या शब्दावरूनच पडलें आहे. जेथें शेंग, माती आणि हिंवाळा एकत्र आले, तेथें शेतकऱ्याच्या बुद्धीस एकच वाट सुचली.

मुंबईचा पाहुणा या शेकोटीशीं येतो तो आपल्या सवयी बरोबर घेऊनच येतो. येणें आतां फार सुलभ झालें आहे. भाऊच्या धक्क्याहून मोटारींसह मांडव्यास पोंचविणारी रो-रो बोट मार्च २०२० मध्यें सुरू झाली, आणि शिवडीहून न्हावा शेव्याकडे जाणारा सुमारें २१.८ किलोमीटर लांबीचा अटल सेतु जानेवारी २०२४ मध्यें खुला झाला. शनिवारीं दुपारीं कचेरींतून निघालेला गृहस्थ दिवेलागणीस अलिबागच्या एखाद्या वाडींत शेकोटीपुढें बसलेला असतो. शरीर तेथें पोंचतें; मन मात्र अजून वाटेंतच असतें. त्याचा पहिला प्रश्न ठरलेला: “किती वेळ लागेल?” यजमान उत्तर देतो, “होईल.” हें उत्तर उडवाउडवीचें नव्हे. लांकूड किती सुकें आहे, वारा कोणीकडून आहे, शेंग किती कोंवळी आहे, यांवर तें अवलंबून असतें, आणि या तिन्ही गोष्टी यजमानाच्याहि हातीं नसतात. ‘होईल’ या एका शब्दांत तो पाहुण्यास सांगतो कीं, येथें दोघेहि एकाच गोष्टीची वाट पाहत आहेत.

मग मडकें उतरतें. पाला दूर सारून सर्व ऐवज केळीच्या पानांवर ओततात, आणि वाफेचा लोट उठतो. पाहुणा ताट मागतो, चमचा मागतो, आणि शेंगांचा ढीग बोटांनीं बाजूस सारून कोंबडीची पुडी शोधूं लागतो. यजमान कांहीं बोलत नाहीं. परंतु शेजारीं बसलेलें घरांतील आठ-दहा वर्षांचें पोर राहवत नाहीं म्हणून बोलतें, “काका, आधीं शेंग खा. टोंक हातांत धरा, दांतांत दाबून ओढा. दाणे तोंडांत येतात.” त्या पोराचा उपदेश शास्त्रशुद्ध असतो. पोपटीचा मान कोंबडीला नाहीं, शेंगेला आहे. कोंबडी नसली तरी पोपटी होते. शेंग नसेल तर होत नाहीं. शाकाहारी पाहुण्यासाठीं दुसरें मडकें लावतात, आणि त्यास कोणी उणें समजत नाहीं. कोंबडी हा पाहुण्याचा मान आहे, पण शेंग हा त्या जमिनीचा मान आहे. जो पाहुणा पहिला मान घेतो आणि दुसरा देत नाहीं, तो जेवून जातो, पण पाहुणा होत नाहीं.

या गोष्टीचें मर्म नीट ध्यानांत यावें म्हणून थोडें दूर, जपानांत, डोकावणें उपयुक्त होईल. मराठी घरांस तें आतां पूर्वीइतकें दूर राहिलेलें नाहीं. टोकियोच्या एदोगावा विभागांत भारतीय कुटुंबांची मोठी वस्ती आहे, आणि २०१९ सालीं त्या विभागाच्या सभेवर योगेंद्र पुराणिक हे मराठी गृहस्थ निवडूनहि आले. अशा वस्तींतील एखादा नवागत तरुण पहिल्या महिन्यांतच केव्हां तरी सहकाऱ्यांबरोबर याकितोरीच्या दुकानांत जातो. ‘याकि’ म्हणजे भाजलेलें आणि ‘तोरि’ म्हणजे पक्षी, व्यवहारांत कोंबडी. दुकान बहुधा अरुंद. लांकडी फळीला लागून थोड्या बैठका. आणि फळीपलीकडे निखाऱ्यांवर बांबूच्या काड्या फिरवीत उभा असलेला दुकानाचा धनी. चांगल्या दुकानांत बिन्चोतान नांवाचा कठीण कोळसा वापरतात. पूर्वीच्या किशू प्रांताचा, म्हणजे हल्लींच्या वाकायामाकडील, हा कोळसा विशेष नांवाजलेला असून त्याचा जाळ उठत नाहीं, धूर थोडा होतो, आणि आंच दीर्घ काळ सारखी राहते. काडीला मांडीचें मांस असतें, कांद्याच्या जातीच्या नेगीचे तुकडे असतात, कातडी, काळीज, हृदय, इतकेंच काय, शेपटीचें टोंकहि असतें. कोंबडीचा बहुतेक प्रत्येक भाग आपल्या नांवानें, आपल्या वेळेनें भाजला जातो. धनी एकच प्रश्न विचारतो: मीठ कीं तारे? तारे म्हणजे सोयाच्या रसाचें गोडसर दाट मिश्रण.

येथेंहि परक्याच्या चुका ठरलेल्या आहेत. बसतांच हात पुसावयास गरम ओला रुमाल येतो, आणि पुष्कळ ठिकाणीं न मागतां एक लहानशी वाटी येते. तिला ओतोशी म्हणतात. ती देयकांत धरलेली असते. पाहुणा म्हणतो, हें मागितलें कोणीं? परंतु ती वाटी म्हणजे बैठकीचें मोल आणि ‘काड्या भाजेपर्यंत हें घ्या’ असा निरोप, असें दोन्ही असते. पुढें काड्या एकदम येत नाहींत. भाजतील तशा दोन-दोन, तीन-तीन येतात. नवखा पाहुणा काडीवरचे तुकडे बशींत काढून मंडळींत वांटावयास लागतो. आपल्याकडील रीतीनें हें औदार्य. पण पुष्कळ धन्यांस तें रुचत नाहीं, कारण प्रत्येक तुकडा कोठें ओंवावा याचा त्यांनीं विचार केलेला असतो, आणि काडीवरून काढलेला तुकडा लवकर निवतो. रिकाम्या काड्या पुढ्यांतील पेल्यांत ठेवावयाच्या. जातांना बक्षिशी ठेवावयाची नाहीं. ठेवली तर विसरलेले पैसे समजून ती परत करण्याचाच संभव अधिक. शाकाहाऱ्यास त्याच निखाऱ्यांवर भाजलेलीं अळंबीं, हिरव्या मिरच्या आणि गिंको झाडाच्या बिया मिळतात. परंतु जाळी एकच असते, याचा निर्णय त्याचा त्यानें करावयाचा. आरंभीं ‘इतादाकिमासु’ म्हणजे ‘नम्रपणें स्वीकारतों’, आणि शेवटीं ‘गोचिसोसामा’, म्हणजे मेजवानीबद्दल आभार. एवढे दोन शब्द ज्यास आले, त्याच्या बाकीच्या चुका पोटांत घातल्या जातात.

याकितोरीचा इतिहासहि मनोरंजक आहे. जपानांत मांसाहार सर्वकाळ मोकळा नव्हता. इ. स. ६७५ मध्यें सम्राट तेम्मु यानें वर्षाच्या ठराविक महिन्यांत गाय, घोडा, कुत्रा, माकड व कोंबडी यांचें मांस खाण्यास बंदी केली, आणि मांसाविषयींचा संकोच पुढें अनेक शतकें कमीअधिक प्रमाणांत टिकला. १८७२ सालीं सम्राट मेइजी यानें गोमांस खाल्ल्याचें प्रसिद्ध झालें, तेव्हांपासून वारें उघडपणें फिरलें. तरीहि कोंबडी ही महागाची वस्तु होती; हातगाड्यांवर मिळे ती बहुधा हॉटेलांतून उरलेल्या आंतड्या-काळजांचीच काडी. १९६० च्या सुमारास मांसासाठीं पोसलेल्या कोंबड्या स्वस्त झाल्या, आणि ती काडी सर्वांच्या आटोक्यांत आली. आज त्याच पदार्थाच्या टोकियोंतील कांहीं दुकानांस मिशेलिन या फ्रेंच मार्गदर्शिकेचे तारे मिळालेले आहेत. हातगाडीवरील खाणें प्रतिष्ठित झालें, तें सोन्याच्या ताटांत वाढल्यामुळें नव्हे. आपल्या निखाऱ्याचा कायदा न सोडल्यामुळें.

येथेंच रायगडच्या शेकोटीस जपानी निखाऱ्यापासून घेण्यासारखें कांहीं सांपडतें. अनेकांची अशी तक्रार आहे कीं, पोपटी पैशासाठीं होऊं लागली तेव्हां तिच्यांतील गोडी गेली. पूर्वी शेजारी-पाजारी, सोयरे-धायरे जमत, रात्र जागवीत. आतां हंगामांत वाड्यांतून आणि विश्रांतिगृहांतून मडक्याचा भाव ठरतो. ही तक्रार सहृदय आहे, पण पुरती बरोबर नाहीं. याकितोरी आरंभापासून पैशासाठींच भाजली जाते. तथापि तेथें गिऱ्हाईक हा धनी नसून पाहुणाच असतो, कारण क्रम, आंच आणि वेळ यांचा अधिकार निखाऱ्यापुढें उभ्या असलेल्या मनुष्याकडेच राहिला आहे. पैसा आला म्हणून यजमानपण जात नाहीं. तें जातें पैशाबरोबर हुकूम आला म्हणजे.

आणि या किनाऱ्यावर परक्यानें शेकोटीशीं बसणें ही लहान गोष्ट नव्हे, हेंहि विसरून चालणार नाहीं. पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धांत अफानासी निकितिन नांवाचा रशियन व्यापारी येथील चौलच्या बंदरांत उतरला. रेवदंड्यास त्याचें स्मारक आहे. गोऱ्या मनुष्याचें कौतुक वाटून लोकांचे थवे आपल्या मागें फिरत, असें त्यानें नमूद केलें आहे. पुढें दख्खनेंत हिंडतांना त्यानें येथील जेवणाचीहि नोंद केली: लोक उजव्या हातानें जेवतात, चमचा ठाऊक नाहीं, प्रवासांत जो तो आपलें भांडें वेगळें ठेवतो, आणि परधर्मीयाची नजर आपल्या अन्नावर पडूं नये म्हणून जपतो. परक्याच्या नुसत्या दृष्टीनें अन्न टाकाऊ व्हावें, असा तो काळ होता.

तो काळ निकितिनाबरोबर संपला नाहीं. परधर्मीयाची गोष्ट दूरच. स्वधर्मीयांसहि येथें पाण्यापासून दूर ठेवलेलें होतें. याच जिल्ह्यांतील महाड येथें २० मार्च १९२७ रोजीं डॉक्टर बाबासाहेब आंबेडकर यांच्या नेतृत्वाखालीं हजारों माणसें चवदार तळ्यावर गेलीं, तीं ओंजळभर पाणी पिण्याचा मनुष्यमात्राचा हक्क सिद्ध करण्यासाठीं. ओंजळभर पाण्यासाठीं जेथें सत्याग्रह करावा लागला, तेथें एका पानावर ओतलेल्या शेंगांभोंवतीं अनोळखी माणसांनीं मांडी घालून बसावें, यास अर्थ आहे. पोपटीनें जातिभेद मोडला असें म्हणणें अतिशयोक्तीचें होईल. पुष्कळ शेकोट्यांभोंवतीं अजूनहि आपापलींच माणसें असतात. परंतु जेथें जेथें ती परक्यासाठीं उघडली, तेथें तेथें मागील पिढ्यांनीं न केलेली एक गोष्ट घडली, हें मान्य केलें पाहिजे. यजमानानें आपलें अन्न परक्याच्या डोळ्यांसमोर उघडें केलें. त्या उघडेपणाची किंमत पाहुण्यानें ओळखावी, एवढी अपेक्षा अवाजवी नाहीं.

म्हणून पाहुण्याच्या शिष्टाचारास येथें निराळें वजन येतें. जून महिन्यांत पोपटी मागणारा पाहुणा पैसे देऊं शकेल. पण त्यास वालाची भरलेली शेंग कोण देणार? यजमानानें भीड धरून पेटींत गोठविलेल्या शेंगा आणि मिळेल तो पाला घालून मडकें लावलें, तर त्यांतून कोंबडी निघेल, पोपटी निघणार नाहीं. पाहुण्याच्या अशा एकेका हट्टानें यजमानाचा कायदा ढिला होत जातो. ‘आतां हंगाम नाहीं, पौषांत या,’ असें सांगण्याचें धैर्य यजमानास व्हावें, आणि तें ऐकून राग न येण्याइतकें सौजन्य पाहुण्याच्या ठिकाणीं असावें. दोघांपैकीं एकानें जरी माघार घेतली, तरी शेकोटी विझते, मग वर जाळ कितीहि मोठा दिसो.

यापेक्षांहि खोल असा एक धोका आहे, आणि त्याविषयीं शेकोटीपुढें सहसा कोणी बोलत नाहीं. अलिबाग तालुक्यांत मुंबईच्या श्रीमंतांचे बंगले वर्षानुवर्षें वाढत आहेत. पाहुणा एका हिंवाळ्यांत पोपटी खातो, दुसऱ्या हिंवाळ्यांत मित्रांस घेऊन येतो, आणि तिसऱ्या हिंवाळ्यांत त्यास वाटतें कीं, येथें आपलीहि चार गुंठे जागा असावी. तो जागा घेतो. बहुधा ती भाताचीच जागा असते, आणि जेथें भात, तेथेंच मागाहून वाल. कुंपण होतें, बांध सपाट होतो, हिरवळ लावली जाते, आणि बांधावरचा भांबुर्डा तण म्हणून उपटला जातो. यांत कोणाचा दुष्टावा नसतो. विकणाऱ्यास मुलाच्या शिक्षणासाठीं, घराच्या छपरासाठीं पैसा हवा असतो, आणि घेणाऱ्याचें त्या किनाऱ्यावर खरोखरीच प्रेम असतें. पण परिणाम असा होतो कीं, ज्या शेंगेनें त्यास येथें ओढून आणलें, तिलाच त्याच्या प्रेमानें जागा उरत नाहीं. पुढल्या पौषांत त्याच्याच अंगणांत पोपटी लावावयाची झाली तर शेंगा बाजारांतून विकत आणाव्या लागतात.

यावर उपाय मोठा नाहीं. परंतु करावयाचा तर तो पाहुण्यानेंच करावयाचा आहे. ज्यानें जागा घेतली असेल, त्यानें तिचा एक तुकडा तरी शेजारच्या शेतकऱ्याकडे भात आणि वाल यांसाठीं राहूं द्यावा. बांध मोडूं नये. भांबुर्डा उपटूं नये. ज्यानें जागा घेतली नसेल आणि घ्यावयाचीहि नसेल, त्यानें हंगामांत जावें, शेंगेचा वाजवी भाव द्यावा, आणि त्या भावाची घासाघीस मडक्यापुढें करूं नये. वालाला भाव मिळत राहिला तर वाल पेरणाऱ्यास शेत राखण्यास एक कारण मिळतें. आणि ज्याच्याजवळ शेत आहे, त्याच्याच शेकोटीशीं पाहुण्यास बसतां येतें.

पाहुणचार ही दोन बाजूंनीं निभवावयाची गोष्ट आहे. यजमानानें मडकें उघडून ठेवलें आहे; त्याचा भाग त्यानें केला. उरलेला भाग, म्हणजे ‘होईल’ असें त्यानें म्हटलें असतां स्वस्थ बसणें, आणि मडकें उतरल्यावर पहिली शेंग उचलणें, हा येणाऱ्याच्या हातीं आहे.